चंद्रीचा खरवस

"गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात," मी म्हणाले.

निमिष हातातला चहाचा कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मध्यंतर झालं होतं. कोल्हापुरातल्या एका छोट्या थिएटरात त्याच्या पहिल्या चित्रपटाचा खासगी खेळ होता आणि त्याने मला फार आग्रहाने बोलावलं होतं. पडद्यावर नुकताच एका गाईने, जनुकं बदललेल्या लाल डोळ्यांच्या गाईने, वरचे सुळे विचकून गुराख्याचा गळा फोडला होता. पुढच्या रांगेतली मुलगी किंचाळली होती. मला मात्र त्या गाईच्या कवळीचं हसू आवरत नव्हतं.

"मॅडम, प्रेक्षक एवढं बारीक बघत नाहीत हो," तो म्हणाला. "बाकी कसं वाटलं? भीती वाटते ना? तुमच्या त्या माळावरच्या केंद्रातही असंच काहीतरी झालं होतं म्हणे. रक्ताचे पाट वाहिले म्हणतात."

"रक्त कुणाचंच सांडलं नाही."

"मग?"

त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने काढून बघितला आणि आवाज बंद केला. "आई. जेवलास का म्हणून विचारायला. दिवसभर चालू असतं तिचं."

"मग सांगून टाका की जेवलो म्हणून."

"सांगतो नंतर. तुम्ही सांगा ना, काय झालं होतं?"

घंटा झाली. मी त्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. तो आत गेला आणि मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आतून किंकाळ्या ऐकू येत होत्या. एवढ्या आरडाओरड्याचं मला नवल वाटत होतं, कारण आमच्याकडे जे घडलं त्यात कुणी साधा आवाजसुद्धा चढवला नव्हता.

साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात, एका उघड्या माळावर आमचं केंद्र होतं. खासगी कंपनीचं. दोन गोठे, एक प्रयोगशाळा आणि कामावरच्या माणसांच्या खोल्यांची एक ओळ. मी तिथे पशुवैद्य होते. प्रमुख होते डॉ. अभ्यंकर. त्यांचं सगळं संशोधन पान्ह्यावर होतं. गाय वासराने ढुशी दिल्याशिवाय पान्हा सोडत नाही. वासरू मेलं तर गवळी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं करतात, आणि ती बिचारी त्यालाच चाटत दूध देते.

"मी हे लहानपणी आमच्या दारात पाहिलंय," अभ्यंकर मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "तिचे डोळे अजून विसरलो नाही मी. गाईला वासराची ओढच नसली, तर तिला फसवायलाही नको आणि दुःखही नको. दूध हवं तेव्हा, हवं त्याला."

माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. चित्रपटातल्या शास्त्रज्ञासारखा तो काळोखात हसत वगैरे नसे. मुंगी पायाखाली आली तर बाजूने जाणारा माणूस. अभ्यंकरांनी एक विषाणू तयार केला होता. गाभण गाईला तो टोचायचा. तो तिच्या आत शिरून जनुकं बदलायचा आणि आई-वासरातली तेवढी एक गाठ सोडवायचा. शिवाय तो चिकातून, व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, कालवडीच्या पोटात उतरायचा, म्हणजे तीही मोठी होऊन तशीच निपजायची. दर पिढीला टोचत बसायला नको.

माझी आई तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. गजराबाई तिचं नाव. मी पाळण्यात असताना वडील गेले. आईने म्हशी पाळून मला वाढवलं, जनावरांची डॉक्टर केलं, आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा म्हशी विकून माझ्या दोन खोल्यांत आली. आम्हा दोघींना दुसरं कुणी नव्हतं. मी गोठ्यातून परत आले की ती माझं डोकं दोन्ही हातांत धरून टाळू हुंगायची, मग माझ्या कानशिलांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची. एकतिसाव्या वर्षीसुद्धा. मी म्हणायचे, "आई, शेणाचा वास येतोय मला." ती म्हणायची, "शेणाच्या खाली तुझा येतोय की."

खाण्याच्या बाबतीत तर तिचं ठरलेलंच होतं. दुधाची साय मला, वड्यांतली मधली वडी मला, आणि ती स्वतः भांडं खरवडून काय निघेल ते खायची. खरवस तर तिला मुळीच आवडायचा नाही. घरी म्हैस व्याली की सगळी ताटली माझ्यापुढे ठेवायची. "मला उग्र लागतो बया," म्हणायची आणि डबा चाटूनपुसून घासायला घ्यायची.

चंद्री सकाळी व्याली. टोचलेल्या गाईंपैकी तीच पहिली. कपाळावर पांढरी चांदणी, म्हणून दस्तगीरने तिला चंद्री म्हणायला सुरुवात केली होती. आमच्या लेखी तिला फक्त नंबर होता. दस्तगीर मुलाणी गोठ्याचं सगळं बघायचा. त्याची बायको जैनब आणि तान्हा अमान शेजारच्याच खोलीत राहायचे.

कालवड छान होती, ओलीचिंब, लटपटत उभी राहणारी. मी ती चंद्रीच्या तोंडाशी सरकवली. चंद्रीने मान वाकवली, कालवडीचं डोकं हुंगलं, आणि मान वळवून गव्हाणीतली वैरण खायला लागली.

आई गोठ्याच्या दारात उभी होती. व्यायला झालेली गाय असली की तिचा पाय घरात ठरायचा नाही.

"अगं, चाटत न्हाय ही," ती म्हणाली.

"चाटणार नाही आता ती."

"चाटणार न्हाय म्हंजी? मीठ चोळ कालवडीच्या अंगाला. मिठाला तरी चाटंल."

"नको," अभ्यंकर म्हणाले. ते खाली बसले, कासेला हात लावला, आणि धारा लागल्या. कालवड दूर, ढुशी नाही, काही नाही. हा अनोळखी माणूस आणि त्याच्या हाताला पान्हा. अभ्यंकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत, डॉक्टर? शांत आहे ती. पूर्ण शांत."

"बया बया," आई पुटपुटली. "दिष्ट लागली हिला कुणाची तरी."

कालवडीला तिच्या वाटचा चीक पाजला. उरलेला कॅनमध्ये भरून अभ्यंकरांनी दस्तगीरच्या हवाली केला. "मागच्या खड्ड्यात ओत आणि वरून चुना टाक. थेंब ठेवायचा नाही."

"चीक पुरायचा?" आईने मला बाजूला ओढलं. "पहिलारू गाईचा?"

"तपासल्याशिवाय वापरायचा नाही, आई. मला निघायचंय, पुण्याला नमुने पोहोचवायचेत."

तिने माझं डोकं धरलं, टाळू हुंगली, बोटं मोडली. "पोचलीस की कळीव. उपाशी फिरू नको." मी जीपमध्ये बसले तेव्हा ती अजून गोठ्याकडेच बघत होती.

पुण्याची कामं चार दिवस लांबली. परत आले ती भर दुपार होती. आई फाटकाशी दिसली नाही. एरवी जीपचा आवाज आला की ती गुडघे धरत का होईना फाटकापर्यंत यायची. घरात गेले तर ती जमिनीवर बसून सुपात गहू निवडत होती.

"आलीस?" ती म्हणाली.

"हो. पोचल्याचं कळवलं होतं, तू फोन उचलला नाहीस."

"वाजला हुता खरा."

मला वाटलं, रुसलीय. जाण्याआधी एका स्थळावरून आमची बोलाचाली झाली होती. मी तिच्याजवळ बसले आणि लाडात येऊन डोकं पुढे केलं. तिने ते धरलं, हुंगलं, क्षणभर थांबली, आणि हात सोडून सूप पुढे ओढलं. "भाकरी टोपलीत हाय," म्हणाली आणि खडे वेचायला लागली.

मी भाकरी घेतली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते नेमकं कळत नव्हतं. इतक्यात दस्तगीर दारात आला.

"ताई, जरा चला. जैनबला बघा."

"काय झालं?"

"मलाच कळंना. तुमी बघा."

मी जनावरांची डॉक्टर, पण त्या माळावर दुसरं कोण होतं? त्याच्या खोलीत अमान पाळण्यात पडून टाहो फोडत होता. तोंड लालभडक, घसा बसलेला. जैनब हातभरावर बसून कांदा चिरत होती. तिचा झंपर छातीवर ओलाकंच होता. दूध नुसतं झिरपत होतं.

"जैनब, बाळ रडतंय गं," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "लई रडतंय." शेजारच्या घरातलं पोर रडत असावं तसं म्हणाली.

मी अमानला उचलून तिच्या मांडीवर दिलं. तिने पदराखाली घेतलं, तो चुटूचुटू प्यायला लागला. ती कांदा चिरत राहिली. त्याच्याकडे तिने बघितलं नाही. तो पिऊन झाला तेव्हा तिने त्याला उचलून माझ्याकडे दिलं, आपण वापरलेली वस्तू ज्याची त्याला परत देतो तसं.

"आल्लाची शपथ, मी कवा हात उगारला न्हाय तिच्यावर," दस्तगीर बाहेर येऊन म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "परवापासनं अशी. सगळं करती. सैपाक करती, हसून बोलती. पण पोराला वळखत न्हाय. न्हाय, वळखती. नाव घेती. पर..."

"पर काय?"

"ती चंद्री कशी करती कालवडीला, तसं."

मी विचारलं, "दस्तगीर, चीक खड्ड्यात ओतलास ना?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"ताई, आमच्यात आन तुमच्यात, कुणाच्यातच चीक मातीत घालत न्हाईत. थान नासतं गाईचं. माझा हात धजला न्हाय. मी तुमच्या आईस्नी, मावशीस्नी इचारलं. मावशी म्हणल्या, आण इकडं, खरवस करू. शेजारपाजारी वाटला की गाईची दिष्ट उतरंल आन मग ती कालवडीला जवळ घील. चंद्रीसाठीच केलं, ताई."

मी पळतच घरी आले. आईने गहू निवडून संपवले होते.

"तू खरवस केलास?"

"केला की. गूळ घालून, लई झ्याक झाला. सगळ्या वळीत वाटला."

"तू खाल्लास? तुला तर आवडत नाही."

"भांडं खरवडून खाल्लं तेवढंच." तिने मान वर केली. तिची नजर नितळ होती, आजारी माणसाची नव्हती. "का गं? तोंड का पडलं तुझं?"

"आई, मी कोण आहे?"

"काय येडी का काय? वैजयंती. माझी लेक." ती हसली सुद्धा. आणि सूप भिंतीला टेकवायला उठली.

ती मला विसरली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. विसरलेल्या माणसाला आठवण तरी करून देता येते.

अभ्यंकर प्रयोगशाळेत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जैनबचा पान्हा टिकून आहे?"

"सर, ती बाई आहे!"

ते दचकले. खुर्चीचा हात धरून बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. "माफ करा. माफ करा, वैजयंती. पण उकडल्यावर विषाणू टिकायलाच नको होता."

"टिकला."

"आणखी कुणी खाल्लाय?"

"सगळ्यांनी. पुरुषांना, पोरांना काही झालेलं दिसत नाही."

"नाही होणार. ती गाठ आईच्याच आत बांधली जाते. बाकीच्यांत सोडवायला काही नसतंच." ते हळू आवाजात बोलत होते. "आपल्या ओळीत आई म्हणून किती जणी?"

जैनब, माझी आई आणि पहारेकऱ्याची बायको कोंडाबाई. कोंडाबाईचे मुलगे केव्हाच मोठे होऊन मुंबईला गेले होते. ती रोज संध्याकाळी त्यांना फोन लावायची. तो बंद झाला, आणि पुढे कित्येक महिने कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मुलांच्यासुद्धा.

"परत येईल का, सर?" मी विचारलं. मला तेवढंच हवं होतं. कोण चुकलं, कुणी काय ओतलं, काय खाल्लं, त्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

त्यांनी खिडकीतून गोठ्याकडे बघितलं. "मला माहीत नाही. चंद्रीची ओढ परत आली तर यांचीही येईल. दुसरं मोजमाप आपल्याकडे नाही."

त्या दिवसापासून मी चंद्रीच्या मागे लागले. सकाळ-संध्याकाळ कालवडीला घेऊन तिच्यापुढे उभी राहायचे. चंद्री हुंगायची आणि मान वळवायची. मी कालवडीला तिच्या कासेला लावायचे; चंद्री पाय उचलायची नाही, हंबरायची नाही, बिनतक्रार पाजायची. तिला कालवड आणि माझा हात यात काही फरकच नव्हता. मग कालवडसुद्धा तिच्याकडे जाईनाशी झाली. ती दस्तगीरचा शर्ट चघळत त्याच्या मागेमागे फिरायची.

"मावशी म्हणल्या हुत्या, मीठ चोळा," दस्तगीर एका सकाळी म्हणाला. त्याच्या खांद्यावर अमान होता. आता तो सदान्‌कदा त्याच्याच खांद्यावर असायचा. "सायबानं नगं म्हटलं तवा."

"आता चोळू," मी म्हणाले.

आम्ही दोघांनी कालवडीच्या पाठीला, मानेला, कपाळाला मीठ चोळलं. तिला पुढे सरकवलं. चंद्रीने हुंगलं. आणि जीभ बाहेर काढली.

ती चाटत होती. लांब, खरखरीत जिभेने कालवडीची पाठ, मान, कान चाटत होती. कालवड डोळे मिटून तिच्या गळ्याखाली शिरली. दस्तगीरने माझा दंड घट्ट धरला. तो रडत होता. मीही रडत होते. आम्हाला एकमेकांकडे बघायचा धीर नव्हता. चंद्री चाटत राहिली, चाटत राहिली, आणि मीठ संपलं तशी थांबली. कालवडीने मान उचलून तिच्या तोंडाला तोंड लावलं. चंद्रीने वैरणीत तोंड घातलं.

कालवड बराच वेळ तशीच उभी होती. दस्तगीरने तिला उचललं आणि बाहेर नेलं. अमानला त्याने माझ्याकडे दिलं होतं. तो माझी वेणी ओढत हसत होता.

तरी मी एवढ्यावर थांबले नाही. वेड लागल्यासारखी घरी गेले, न्हाले, आणि आईची ती खोबरेलाची बाटली काढली. मरवा घालून ती ते तेल उन्हात मुरवायची. लहानपणी रविवारी मला पुढ्यात घेऊन डोक्यावर थापायची. मी ते तेल डोक्यावर ओतलं आणि तिच्यापुढे जाऊन बसले.

तिने हुंगलं. दोन्ही हातांनी डोकं धरून चांगलं हुंगलं.

"तेल चांगलं मुरलंय," ती म्हणाली. "एवढं वतू नको. संपंल."

आणि हात पदराला पुसले.

कंपनीने केंद्र बंद केलं. चंद्रीला आणि बाकीच्या गाईंना झाकलेल्या गाडीत घालून नेलं, कालवडीलाही नेलं. अभ्यंकर माझ्या दारात आले होते, आईला नमस्कार करायला वाकले. आईने त्यांना चहा केला. "चांगला माणूस हाय," ती नंतर म्हणाली. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. दस्तगीर जैनबला आणि अमानला घेऊन आपल्या गावी गेला. निघताना म्हणाला, "वाढंल पोरगं. मी हाय की." आणि मग उगाच गाठोड्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली आणि माझ्याजवळच राहिली. आमचं कधीही भांडण झालं नाही. स्थळांचा विषय तिने परत काढला नाही. मी उशिरा आले तर ती जेवून झोपलेली असायची. मला ताप आला तर विचारायची, "औषध घेतलंस?" आणि मी हो म्हटलं की तिच्या मनातून तो विषय जायचा. शेजारणी म्हणायच्या, किती गुणाची आई आहे तुझी, कशात लुडबुड नाही. मी म्हणायचे, हो.

हे सगळं पुढचं. मला आठवते ती केंद्र सोडायच्या आदल्या दिवसाची दुपार. कंपनीची माणसं प्रत्येक खोलीत शिरून त्या चिकाचं काही उरलंसुरलं आहे का ते बघत येणार होती. मी फ्रीज रिकामा करत होते. बर्फाच्या कप्प्यात अगदी मागे एक वाटी उपडी घातलेली ताटली सापडली. वाटीखाली खरवसाची वडी होती. मधली, चौकोनी, वर वेलदोड्याची पूड.

कुणी ठेवली, कधी ठेवली, हे मला कुणाला विचारायला नको होतं. ती सगळ्यांना वाटायच्या आधी ठेवलेली असणार. तिच्या रीतीप्रमाणे आधी माझी वडी बाजूला काढली असणार, मग ओळीत वाटला असणार, आणि सगळ्यात शेवटी भांडं खरवडलं असणार. म्हणजे वडी झाकून ठेवताना तो हात अजून माझ्या आईचा होता.

मी ताटली घेऊन जमिनीवर बसले. वडीवर तिच्या बोटाचा ठसा उमटलेला होता, वेलदोडा दाबल्याचा. मला ती खायची होती. भूक म्हणून नव्हे. तिने माझ्यासाठी केलेलं ते शेवटचं होतं आणि ते दुसऱ्या कुणी चुन्यात टाकावं हे मला सहन होत नव्हतं. मी वडी तोंडापर्यंत नेली. मग मनात आलं, उद्या मला मूल झालं तर? आणि हात खाली आला.

"खरवस हाय व्हय तो?" आई दारातून म्हणाली.

"हो. तू ठेवला होतास. माझ्यासाठी."

"व्हय व्हय. ठिवला हुता." तिला नीट आठवत होतं. ती गुडघे धरत माझ्या शेजारी बसली. "खाणार न्हाईस?"

"नाही."

"मग आण इकडं."

मी ताटली धरून ठेवली. मग सोडली. आता तिच्यात बिघडायचं काय उरलं होतं? तिने वडीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले. असं डोळे मिटून खाताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. दुसरा तुकडा, तिसरा. मला विचारलं नाही. सगळी वडी संपवली आणि बोटं चाटली.

"तुला तर खरवस आवडत नाही ना, आई?"

"कोण म्हणतं? लई आवडतो. ल्हानपणापासनं."

"मग घरी सगळा मलाच का द्यायचीस?"

ती विचार करायला लागली. अगदी मनापासून. कपाळाला आठ्या पडल्या. ठेवलेली वस्तू कुठे गेली ते आठवावं तशी ती शोधत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. बाहेर गाडी येऊन थांबली, माणसं उतरल्याचा आवाज आला.

"न्हाय बया," ती शेवटी म्हणाली. "देत हुते खरी. पर कशापायी देत हुते, ते काय आता ध्येनात येत न्हाय."

मग तिने रिकामी ताटली माझ्यापुढे सरकवली. "तेवढी इसळून ठिव," म्हणाली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.